औषध ‘सुटलं’ की ‘सोडलं’? क्षयरोगाच्या अर्धवट उपचाराचा गुणात्मक अभ्यास कसा करावा

क्षयरोगाच्या नोंदवहीत एखाद्या रुग्णापुढे ‘उपचार अर्धवट’ असा शेरा पडला की त्याची हकिकत तिथेच संपते. वजन किती होते, बेडक्याची तपासणी कधी झाली, कोणत्या महिन्यात गोळ्या थांबल्या हे सगळे त्या वहीत मिळते. त्या महिन्यात त्या घरात काय चालले होते, हे मात्र मिळत नाही. ते गुणात्मक अभ्यासाने, म्हणजे आकड्यांऐवजी माणसांच्या सांगण्यातून, शोधू पाहणाऱ्या तरुण डॉक्टरांसाठी, समाजकार्याच्या विद्यार्थ्यांसाठी आणि आरोग्य कार्यकर्त्यांसाठी हे टिपण आहे.

या वाटेवर आपल्या देशात पूर्वी मोठे काम झालेले आहे. १९५९ साली बंगळूरला राष्ट्रीय क्षयरोग संस्था स्थापन झाली. तिथल्या देबबर बॅनर्जी आणि स्टिग अँडरसन यांनी तुमकूर जिल्ह्यातल्या गावांमध्ये क्षयरुग्णांना घरी गाठून विचारपूस केली. खेड्यातला माणूस अडाणी, त्याला रोगाची जाणीव नाही, म्हणून तो दवाखान्यात येत नाही, असा तेव्हाचा सार्वत्रिक समज होता. १९६३ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात दिसले ते वेगळेच: बहुतेक रुग्णांना आपली लक्षणे नीट ठाऊक होती, निम्म्याहून अधिक जण दवाखान्यापर्यंत पोहोचलेही होते आणि खोकल्याच्या औषधाची बाटली घेऊन परतले होते. दोष ज्या दारात शोधला जात होता त्याच्या समोरच्या दारात तो निघाला. १९६२ पासूनच्या राष्ट्रीय क्षयरोग कार्यक्रमात सर्वसाधारण दवाखान्यांतच निदानाची सोय करण्यावर जो भर होता, त्यामागे हा विचार होता.

म्हणून पहिली पायरी म्हणजे प्रश्न तपासून घेणे. ‘रुग्ण औषध का सोडतात?’ या प्रश्नात उत्तराचा अर्धा भाग आधीच भरलेला असतो, कारण सोडणारा रुग्ण हे आपण गृहीत धरलेले असते. जागतिक आरोग्य संघटनेने २०१३ च्या व्याख्यांमध्ये औषध थांबलेल्या रुग्णासाठीचा ‘डिफॉल्टर’ हा शब्द काढून टाकला तो याच कारणाने. तो शब्द कर्ज बुडवणाऱ्यालाही लावतात आणि माणसाला आधीच आरोपीच्या पिंजऱ्यात उभा करतो. त्यापेक्षा ‘उपचार सुरू झाल्यापासून थांबेपर्यंत या माणसाच्या दिवसांत काय काय घडले?’ असा प्रश्न घ्यावा. तो लांबट आहे आणि शोधनिबंधाच्या शीर्षकात शोभत नाही, पण कामाचा आहे.

हे पोकळीत बोलण्यापेक्षा ऊसतोडीचे उदाहरण घेऊ. बीड आणि आसपासच्या जिल्ह्यांतली कुटुंबे दिवाळीच्या आगेमागे पश्चिम महाराष्ट्रात किंवा कर्नाटकात कारखान्यांवर जातात आणि मार्च-एप्रिलपर्यंत तिथेच कोपी घालून राहतात. औषधांना दाद देणाऱ्या साध्या क्षयरोगाचा उपचार सहा महिन्यांचा असतो आणि गळिताचा हंगामही जवळजवळ तेवढाच असतो. ऑगस्टमध्ये निदान झालेला रुग्ण उपचाराच्या मध्यावर गाव सोडतो. त्याने मजुरांची टोळी नेणाऱ्या मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेतलेली असते, नवरा-बायकोची जोडी मिळून एक ‘कोयता’ धरला जातो आणि एक दिवस कामावर गेले नाही तर खाडा लागून पैसे कापले जातात. एवढा संदर्भ हाती असल्याशिवाय मुलाखतीला बसू नये, कारण समोरचा माणूस ‘खाडा पडला’ म्हणाला आणि आपण ‘म्हणजे काय?’ असे विचारले की तो पुढचे आपल्याला कळेल अशा बेताने, म्हणजे कमी सांगतो.

कोणाला भेटायचे? गुणात्मक अभ्यासात चिठ्ठ्या टाकून नमुना निवडत नाहीत. ज्याच्याकडे सांगण्यासारखे आहे त्याला हेतूपूर्वक निवडतात: ज्यांचे औषध थांबले ते, हंगामाला जाऊनही ज्यांनी कोर्स पुरा केला ते, त्यांच्या घरातल्या बायका, आशाताई, मुकादम आणि कारखान्याच्या वाटेवरचा औषध दुकानदारसुद्धा. दुसऱ्या गटाकडे, म्हणजे अडचणीतही ज्यांनी औषध पुरे केले त्यांच्याकडे, नवशिक्यांचे हमखास दुर्लक्ष होते. माझ्या मते सर्वांत जास्त शिकवणारा गट तोच. मुलाखती किती, याचे ठरलेले उत्तर नाही. नव्या मुलाखतीतून नवे काही हाती लागेनासे झाले, ग्लेसर आणि स्ट्रॉस या समाजशास्त्रज्ञांनी १९६७ साली ज्याला संपृक्तता म्हटले ती अवस्था आली, की थांबावे. एकाच प्रकारच्या माणसांत वीस-पंचवीस मुलाखतींपर्यंत हे बहुधा घडते.

मुलाखत कुठे घ्यायची, हे मी चूक करून शिकलो. सुरुवातीच्या माझ्या सात मुलाखती उपकेंद्राच्या ओसरीवर, तिथल्या कर्मचाऱ्यांच्या समक्ष झाल्या आणि सातही जणांनी ‘गोळ्या रोज घेतो’ असे सांगितले. पुढे त्यांतल्या एका बाईंना मी त्यांच्या घरामागे, शेळ्यांना पाला टाकत असताना भेटलो. संभाषण साधारण असे झाले.

‘मावशी, त्या दिवशी तुम्ही गोळ्या चालू आहेत म्हणालात.’
‘चालूच होत्या की. फडावर गेल्यावर सुटल्या.’
‘कशा सुटल्या?’
‘सोडल्या न्हाईत मी. सुटल्या. पाकिटं संपली. मालक म्हनले, आठवड्याच्या बाजाराला बघू. बाजाराच्या दिशी खाडा कोन देनार?’

‘मालक’ म्हणजे नवरा. याच बाईंना ‘का सोडल्या?’ असे विचारले असते, तर ‘चुकलं माझं’ एवढेच उत्तर मिळाले असते. ‘का’ने सुरू होणारा प्रश्न जाब विचारल्यासारखा ऐकू येतो, म्हणून ‘कसे झाले?’, ‘मग?’, ‘त्या दिवशी सकाळपासून सांगा’ या वळणाने जावे. आणि मराठी कानाने ऐकावे: औषध सोडलं, सुटलं, चुकलं, बंद केलं, राहून गेलं या पाच क्रियापदांत कर्ता पाच ठिकाणी उभा असतो. गोळ्या कोणाच्या हातून थांबल्या, याचा सांगणाऱ्याने केलेला निवाडा त्या क्रियापदातच असतो.

आजाराचा त्या माणसाच्या मनातला अर्थही विचारावा. मनोविकारतज्ज्ञ आणि मानवशास्त्रज्ञ आर्थर क्लाइनमन यांनी १९७८ साली मांडलेले प्रश्न यासाठी अजून उपयोगी पडतात: या दुखण्याला तुम्ही काय म्हणता, ते कशामुळे झाले असे वाटते, ते अंगात काय करते, उपचाराची सर्वांत जास्त भीती कशाची वाटते. ते जसेच्या तसे मराठीत उतरवून वाचून दाखवू नयेत. गप्पांच्या ओघात आणावेत. त्यातूनच कळते की रिफॅम्पिसिन या क्षयरोगावरच्या औषधाने लघवी लालसर होते हे कोणी आधी सांगितले नव्हते, म्हणून एकाने घाबरून गोळ्या थांबवल्या. किंवा दुसऱ्याला त्या ‘गरम पडतात’, म्हणून त्यांच्याबरोबर दूध-तूप हवे असे वाटते आणि तो खुराक परवडत नाही त्या महिन्यात गोळ्या न घेणेच त्याला शहाणपणाचे वाटते. शिवाय ‘त्याच दिवशी दवाखान्यात का गेलात, महिनाभर आधी का नाही?’ हेही हळूच काढून घ्यावे. अमेरिकेत समाजशास्त्रज्ञ आयर्विंग झोला यांना असे दिसले होते, की लक्षण वाढले म्हणूनच माणूस डॉक्टरकडे जातो असे नाही. घरात काही बिनसले, कामात अडथळा आला किंवा कोणी फारच मागे लागले, की तो जातो. आपल्याकडे ‘मुलीला पाहायला पाहुणे येणार होते आणि माझा खोकला थांबेना’ हे कारण ऐकले, की त्याची सत्यता पटते.

नैतिक बाजू कागदापुरती ठेवू नये. संस्थेच्या नीतिसमितीची परवानगी घ्यावी, भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वे वाचावीत, संमती समजेल अशा मराठीत घ्यावी. पण त्याहून महत्त्वाचे म्हणजे आरोग्य खात्याची पाटी लावलेली जीप रुग्णाच्या दारात नेऊ नये. ती जीप पाहून गल्लीला जे कळते ते संमतिपत्रावरच्या सहीने परत घेता येत नाही, आणि घरात लग्नाची मुलगी असेल तर त्याची किंमत ती मोजते.

ध्वनिमुद्रण शब्दशः उतरवून काढावे. एका तासाच्या बोलण्याला पाच-सहा तास लागतात. त्यात काटकसर करू नये. बोली तशीच ठेवावी आणि विश्लेषण मराठीतच करावे, कारण ‘गरम पडतं’चे इंग्रजीत ‘साइड इफेक्ट’ झाले की दूध, तूप आणि रिकामा खिसा तिघेही वाक्यातून गळून पडतात. मग ओळीओळीला छोटी नावे, म्हणजे संकेत, द्यावेत: ‘खाड्याची भीती’, ‘पाकिटे संपली’, ‘नवऱ्याने ठरवले’. जवळचे संकेत एकत्र करून विषयसूत्रे बांधावीत, आणि सूत्र जमल्यासारखे वाटले की त्याला न जुमानणारी मुलाखत मुद्दाम शोधावी. ‘मुकादम अडवतो’ असे सूत्र बांधून झाल्यावर, दर पंधरवड्याला स्वतःच्या मोटरसायकलवर गोळ्या आणून देणारा मुकादम भेटला, तर सूत्र मोडू द्यावे. तो मुकादम असे का करतो याचा शोध पुढचा महिना खाईल, पण तो खर्च वाया जात नाही.

वीस मुलाखतींतून टक्केवारी काढू नये. चौदा जणांनी खाड्याचे नाव घेतले म्हणून सत्तर टक्के रुग्ण खाड्यामुळे थांबतात, असे होत नाही. किती जणांचे औषध थांबले हे नोंदवहीला विचारावे; मुलाखतींनी ते कसे थांबते याचा मार्ग दाखवावा. दोन्ही शेजारी ठेवले, तर ‘समुपदेशन वाढवा’ या ठरीव शिफारशीऐवजी नेमके काही सांगता येते: टोळी निघण्याची तारीख उपचार सुरू करतानाच विचारून कार्डावर लिहावी, जाण्याआधी पुरेशी पाकिटे हातात द्यावीत आणि कारखान्याजवळच्या केंद्राला रुग्ण पोहोचण्याआधी कळवावे.

अहवाल छापायला देण्यापूर्वी मसुदा घेऊन गावात परत जावे आणि ज्यांनी सांगितले त्यांना, त्यांची नावे आणि खुणा काढलेला, तो एकेकट्याला वाचून दाखवावा. एखादी मावशी मध्येच हात वर करून ‘असं न्हाई म्हनले मी’ म्हणते. तिथे वाद न घालता मूळ ध्वनिमुद्रण पुन्हा ऐकावे.