दोन बेज शेडमधला फरक कसा ओळखाल?

शेड कार्डावर दोन बेज शेजारी ठेवले की जुळे भाऊ वाटतात. भिंतीवर मात्र एक गुलाबीकडे झुकतो, दुसरा हिरवट दिसतो. ही लपलेली झाक ओळखायची सोपी युक्ती म्हणजे दोन्ही तुकडे कोऱ्या पांढऱ्या कागदावर ठेवा. पांढऱ्याशेजारी पिवळा, गुलाबी, करडा, जे काही आत आहे ते लगेच वर येतं.

तरी बोटभर कार्डावर घराचा निर्णय घेऊ नका, ही माझी कळकळीची विनंती. दोन्ही शेडचे छोटे नमुना-डबे आणा. दोन फुटी पुठ्ठ्यावर आधी पांढरा प्रायमर आणि मग रंगाचे दोन हात मारा, कडेला बोटभर पांढरी पट्टी सोडा. थेट भिंतीवर लावलात तर जुना रंग शेजारी राहून डोळ्यांना फसवतो. पूर्ण वाळू द्या, कारण ओला इमल्शन (भिंतीचा पाण्यात मिसळणारा रंग) बहुधा फिका दिसतो.

मग पुठ्ठे उभे धरूनच बघा. आडवे ठेवले की उजेड वेगळा पडतो. सकाळी, दुपारी आणि रात्री दिवे लावून, असं तिन्ही वेळा. 6500 केल्विनच्या (केल्विन म्हणजे दिव्याच्या उजेडाच्या छटेचं माप) पांढऱ्या ट्यूबखाली बेज थंड, करडा वाटतो. 3000 केल्विनच्या पिवळसर दिव्याखाली तोच लोण्यासारखा उबदार. फरशीजवळही टेकवून बघा. हिरवट कोटा दगडाची फरशी असेल तर गुलाबी झाकेचा बेज अधिकच गुलाबी दिसेल.

पुठ्ठ्यामागे शेडचा कोड लिहून ठेवा, नाहीतर चार दिवसांनी कुठला कोणता तेच कळत नाही.