प्रोस्टेट कॅन्सरवरच्या ‘हर्बल’ गोळ्या: घेण्याआधी आणि घेत असाल तर काय तपासायचं

प्रोस्टेट कॅन्सरचं निदान झालं की घरात कुठून तरी एखादी बाटली किंवा पुडी येतेच. सोबत एक वाक्यही येतं: ‘हे घेऊन आमच्या ओळखीतल्यांचा पीएसए खाली आला.’ (पीएसए म्हणजे प्रोस्टेटमधून रक्तात येणारं प्रथिन; कॅन्सरवर लक्ष ठेवायला ते मोजतात.) हे वाक्य बऱ्याचदा खरंही असतं, म्हणून ते उडवून लावून भागत नाही. पीएसए का खाली आला, हे विचारावं लागतं. ते न विचारल्यामुळे काय होतं, हे पीसी-स्पेस या औषधाच्या प्रकरणात जगाने पाहिलं आहे.

पीसी-स्पेस म्हणजे ज्येष्ठमध, शेवंती, जिनसेंग, सॉ पामेटो वगैरे आठ वनस्पतींची कॅप्सूल. कॅलिफोर्नियातली बोटॅनिकलॅब ही कंपनी १९९६ पासून ती विकत होती. १९९८ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये ती घेणाऱ्या आठ रुग्णांचा अभ्यास छापून आला. आठही जणांचा पीएसए उतरला होता. आठही जणांचे स्तन दुखरे झाले होते, कामेच्छा गेली होती आणि एकाच्या शिरेत रक्ताची गुठळी झाली होती. गोळीत इस्ट्रोजेनसारखं, म्हणजे स्त्रियांच्या हार्मोनसारखं काहीतरी आहे हे संशोधकांनी ओळखलं, पण डीईएस हे कृत्रिम इस्ट्रोजेन त्यांना त्या नमुन्यात सापडलं नाही. फेब्रुवारी २००२ मध्ये कॅलिफोर्नियाच्या आरोग्य खात्याला या कॅप्सूलमध्ये वॉरफेरिन, म्हणजे रक्त पातळ करणारं औषध सापडलं आणि कंपनीने माल परत बोलावला. पुढे १९९६ ते २००१ दरम्यानच्या वेगवेगळ्या बॅच तपासल्या, तेव्हा डीईएस, वेदनाशामक इंडोमेथासिन आणि वॉरफेरिन अशी तिन्ही औषधं निघाली, आणि त्यांचं प्रमाण बॅचगणिक वेगळं होतं.

डीईएस हा प्रोस्टेट कॅन्सरवरचा जुना उपचार आहे. त्याने पीएसए उतरतो. पण रोज ५ मिलिग्रॅमच्या डोसने हृदय आणि रक्तवाहिन्यांच्या आजारांनी मृत्यू वाढले, म्हणून तो मागे पडला. ‘नैसर्गिक’ समजून कॅप्सूल घेणाऱ्याला आपण हार्मोन घेतोय याचा पत्ता नव्हता आणि त्याच्या डॉक्टरांनाही नव्हता.

आधी यादी करा

डॉक्टरांकडे जाण्यापूर्वी घरातलं सगळं एका टेबलावर मांडा: चूर्ण, काढा, आसव, गोळ्या, प्रोटीन पावडर, केसांसाठीच्या गोळ्या, मालिशचं तेल, सगळं. प्रत्येक बाटलीच्या पुढच्या आणि मागच्या लेबलचा फोटो काढा. घटक, बॅच नंबर आणि उत्पादनाची तारीख फोटोत वाचता आली पाहिजे. वहीत चार गोष्टी लिहा: कधीपासून, दिवसातून किती (चमचे नको, ग्रॅम किंवा गोळ्या), उपाशीपोटी की जेवणानंतर, आणि कुणी दिलं. हा कागद केस पेपरला लावा. ओपीडीत दोन मिनिटं मिळतात. तेवढ्यात तोंडी सांगताना निम्मं राहून जातं.

लेबल नसलेली पुडी, नाव न सांगता दिलेला ‘गुप्त योग’, कागदात बांधलेल्या काळ्या गोळ्या यांचा विचारच करू नका. त्यात काय आहे हे कळायचा मार्ग नाही, आणि काही झालं तर उतारा द्यायचा कशावर?

लेबल वाचताना

आयुर्वेदिक औषधावर उत्पादन परवान्याचा क्रमांक आणि घटकांची यादी असायला हवी. परवाना आहे म्हणजे कॅन्सरवरचा गुण सिद्ध झाला, असा अर्थ काढू नका. आहारपूरक म्हणून विकलेल्या डब्यावर एफएसएसएआयचा, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा १४ अंकी क्रमांक असतो आणि औषधी वापरासाठी नाही अशी सूचनाही असते. असा डबा कॅन्सरसाठी कुणी विकत असेल तर डब्यावरचीच सूचना त्याला दाखवा.

‘लॅब टेस्टेड’ या शिक्क्याने हुरळून जाऊ नका. रिपोर्ट मागा आणि कशाची तपासणी केली ते बघा. साधारणपणे शिसं, पारा, आर्सेनिक आणि जंतू बघितले जातात. तेही गरजेचंच आहे: इंटरनेटवरून घेतलेली १९३ आयुर्वेदिक उत्पादनं अमेरिकेत तपासली (निष्कर्ष २००८ मध्ये छापून आले), तेव्हा सुमारे पाचातल्या एकात शिसं, पारा किंवा आर्सेनिक निघालं. पण छुपं हार्मोन किंवा वॉरफेरिन मुद्दाम शोधल्याशिवाय सापडत नाही. शिवाय रिपोर्टवरचा बॅच नंबर तुमच्या डब्यावरच्या नंबरशी जुळला पाहिजे.

उपचार चालू असताना काय थांबवायचं

अबिराटेरॉन (प्रोस्टेट कॅन्सरवरची हार्मोन रोखणारी गोळी) चालू असेल तर ज्येष्ठमध पूर्ण बंद. या औषधाने पोटॅशियम उतरू शकतं, रक्तदाब चढतो, पायांवर सूज येते. म्हणूनच सोबत प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड देतात. ज्येष्ठमध मूत्रपिंडातलं एक एन्झाइम अडवून नेमकं तेच करतं. दोन्ही एकत्र आली तर पोटॅशियम इतकं घसरू शकतं की हृदयाचे ठोके बिघडतात. खोकल्याच्या काढ्यात, घशाच्या गोळ्यांत, काही चहाच्या मिश्रणांत ज्येष्ठमध किंवा यष्टिमधु या नावाने ते असतं, म्हणून लेबलवर दोन्ही नावं शोधा. अबिराटेरॉन उपाशीपोटीच घ्यायचं असतं (जेवणानंतर किमान दोन तासांनी, आणि घेतल्यावर तासभर काही खायचं नाही), कारण अन्नाबरोबर ते रक्तात फार जास्त जातं. तेव्हा ‘तुपाबरोबर घ्या’, ‘दुधाबरोबर घ्या’ असं सांगितलेलं काहीही या गोळीच्या जोडीला नको.

अबिराटेरॉनवर पहिले तीन महिने दर दोन आठवड्यांनी यकृताची तपासणी होते. या काळात गुळवेल, अश्वगंधा, हळदीच्या अर्काच्या कॅप्सूल आणि ग्रीन टीचा अर्क टाळा. चौघांनीही काही जणांच्या यकृताला इजा झाल्याची नोंद आहे; गुळवेलीच्या अशा रुग्णांची मालिका कोविडकाळात मुंबईतूनच प्रसिद्ध झाली. एसजीपीटी (यकृताच्या तपासणीतला आकडा) वाढलं तर डॉक्टर अबिराटेरॉनच दोषी धरतील आणि चांगलं चालणारं औषध थांबेल. भाजीतल्या हळदीबद्दल हे म्हणणं नाही. कॅप्सूलमध्ये शेकडो मिलिग्रॅम अर्क असतो आणि तो अंगात शोषला जावा म्हणून बऱ्याचदा मिऱ्यातलं पायपरिन घातलेलं असतं. हे पायपरिन इतर औषधांचंही रक्तातलं प्रमाण बदलू शकतं.

हार्मोनचं इंजेक्शन (ल्युप्रोलाइड, डेगारेलिक्स वगैरे) चालू असेल तर अश्वगंधा आणि शिलाजीत वेगळ्या कारणासाठीही नको. टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी हार्मोन खाली ठेवण्यासाठी इंजेक्शन आहे, आणि काही छोट्या अभ्यासांत या दोन्हींनी पुरुषांचं टेस्टोस्टेरॉन वाढलेलं दिसलं. ‘अशक्तपणासाठी ताकदीचं’ म्हणून घरचे प्रेमाने नेमकं हेच देतात. अशक्तपणा आणि गरम वाफा येणं हे इंजेक्शनचे ठाऊक असलेले परिणाम आहेत; ते डॉक्टरांना सांगा, त्यावर उपाय आहेत. डोसेटॅक्सेलच्या (केमोथेरपीच्या) सायकलमध्ये मात्र लिहून दिलेल्याशिवाय काहीच घेऊ नका.

बायोप्सी किंवा ऑपरेशनच्या किमान दोन आठवडे आधी लसणाच्या कॅप्सूल, जिंकगो आणि हळदीचा अर्क बंद करा, रक्तस्राव वाढू शकतो. हृदयासाठी दिलेली ॲस्पिरिन किंवा क्लोपिडोग्रेल मात्र आपल्या मनाने बंद करू नका.

व्हिटॅमिन ई आणि सेलेनियमचाही मोह नको. अमेरिका आणि कॅनडात ३५ हजारांहून अधिक निरोगी पुरुषांवर झालेल्या ‘सिलेक्ट’ अभ्यासात रोज ४०० युनिट व्हिटॅमिन ई घेणाऱ्यांमध्ये प्रोस्टेट कॅन्सर १७ टक्क्यांनी जास्त आढळला. कॅल्शियम आणि व्हिटॅमिन डीची गोष्ट वेगळी आहे. हाडांसाठीचं डेनोसुमॅबचं इंजेक्शन घेणाऱ्याचं कॅल्शियम धोकादायकरीत्या उतरू शकतं, म्हणून डॉक्टरांनी लिहून दिलेल्या त्या गोळ्या चुकवू नका.

पीएसए उतरला, पण कशाने?

तपासणी दरवेळी एकाच लॅबमध्ये करा. आधीचे दोन दिवस वीर्यस्खलन आणि सायकलिंग टाळा; लघवीचा जंतुसंसर्ग झाला असेल तर सहा आठवडे थांबा. केसांच्या गोळ्यांतलं बायोटिन जास्त प्रमाणात असेल तर काही यंत्रांवर पीएसए खोटाच कमी दिसतो, म्हणून ते कधी थांबवायचं हे लॅबला विचारा. फिनास्टेराइड किंवा ड्युटास्टेराइडने (वाढलेल्या प्रोस्टेटसाठीच्या गोळ्या) सहा ते बारा महिन्यांत पीएसए साधारण निम्मा होतो. ही गोळी चालू आहे हे माहीत असेल तर डॉक्टर आकडा दुप्पट धरून वाचतात.

आता मुख्य मुद्दा. रुग्ण हार्मोनच्या उपचारावर नाही, ‘हर्बल’ गोळी घेतोय आणि पीएसए झपाट्याने उतरला, तर त्याच आठवड्यात टेस्टोस्टेरॉन तपासून घ्या. ते ५० नॅनोग्रॅम प्रति डेसिलिटरच्या खाली असेल, स्तन दुखरे झाले असतील किंवा कामेच्छा अचानक गेली असेल, तर गोळीत हार्मोन असल्याचा दाट संशय घ्या. गोळी थांबवा, उरलेला डबा टाकून न देता डॉक्टरांना दाखवा. टेस्टोस्टेरॉन ठीक असलं तरी गुण आला असं लगेच समजू नका. निदानानंतरच्या पहिल्या महिन्यांत बायोप्सीची सूज उतरूनही आकडा कमी होतो.

या चिन्हांवर थांबू नका

एकाच पायाला सूज आणि दुखणं, अचानक धाप, काळी शौच, न लागता अंगावर उठणारे निळे डाग, डोळे पिवळे होणं: यापैकी काहीही दिसलं तर सगळी जडीबुटी बंद करून थेट हॉस्पिटल गाठा आणि तिथे पहिल्याच वाक्यात ती घेत होतो हे सांगा. पाठदुखीबरोबर पायांत बळ नसणं, मुंग्या किंवा लघवी अडणं याचा अर्थ मणक्यातल्या मज्जारज्जूवर दाब आलेला असू शकतो. काही तासांत उपचार झाले तर चालणं वाचू शकतं. तेल चोळत एक रात्र काढलीत तर ते कायमचं जाऊ शकतं.

घरात हे बोलायचं कसं? वडील गोळी लपवून घेत असतील तर ती हिसकावून घेऊ नका, मग ते सांगायचंच बंद करतील. ‘बाबा, घ्यायची असेल तर डॉक्टरांना दाखवून घेऊ’ इतकंच म्हणा आणि डबा सोबत न्या. वैद्यांकडे जायचं असेल तर पदवी आणि नोंदणी असलेल्या वैद्यांकडे जा, कॅन्सरची चालू औषधं त्यांच्यापुढे ठेवा आणि त्यांनी दिलेलं नावानिशी लिहून मागा. जो ‘तिकडची औषधं आधी बंद करा’ म्हणेल, त्याच्याकडून उठून या.

दुष्परिणाम झाला तर औषध दक्षता कार्यक्रमाच्या १८००-१८०-३०२४ या नि:शुल्क क्रमांकावर नोंदवा. बॅच नंबर आणि फोटो तिथे उपयोगी पडतात. कॅन्सर बरा करण्याच्या दाव्याची जाहिरात १९५४ च्या औषधे व जादूचे उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) कायद्याखाली येते. तिचा स्क्रीनशॉट, तारीख आणि पैसे दिल्याची पावती जोडून अन्न व औषध प्रशासनाच्या जिल्हा कार्यालयात लेखी तक्रार द्या आणि पोच घ्या.