बारावी जीवशास्त्र : मानवी आरोग्य आणि रोग या प्रकरणाची तयारी

हे प्रकरण बहुतेक विद्यार्थी शेवटच्या आठवड्यावर ढकलतात, कारण हिवताप, विषमज्वर, डेंग्यू, कर्करोग ही नावे घरात आणि वर्तमानपत्रांत सतत कानावर पडलेली असतात. गुण जातात ते नेमके या ओळखीमुळे. ‘मलेरिया डासांमुळे होतो आणि त्यात थंडी वाजून ताप येतो’ हे वाक्य चुकीचे नाही, पण जीवशास्त्र न शिकलेला माणूसही ते लिहू शकतो. लाल रक्तपेशी फुटतात, त्यांतून हिमोझोइन हे विषारी द्रव्य बाहेर पडते आणि म्हणून थंडी व ताप ठरावीक अंतराने परत येतो, ही साखळी उत्तरात दिसली पाहिजे.

तयारीची सुरुवात एका मोठ्या कागदावरील तक्त्याने करावी. रोग, रोगकारकाचे शास्त्रीय नाव, तो जिवाणू आहे की विषाणू, आदिजीव, कृमी की कवक, शरीरातील त्याची जागा, प्रसार, लक्षणे आणि निदान असे रकाने पुरेसे आहेत. तक्ता एकदा पुस्तक पाहून लिहावा, नंतर मात्र पुस्तक मिटून भरावा आणि जिथे हात अडतो तेवढ्याच ओळी पुन्हा वाचाव्यात. विज्ञान शाखेत उत्तरपत्रिका इंग्रजीत लिहायची असल्याने, दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकलेल्यांनी विषय मराठीतून समजून घ्यावा, पण तक्त्यातील संज्ञा पहिल्या दिवसापासून इंग्रजीतच लिहाव्यात.

गोंधळ होतो तो जवळजवळच्या ओळींमध्ये. सर्दीचा ऱ्हायनोव्हायरस नाक आणि श्वसनमार्गापुरता राहतो, फुप्फुसांपर्यंत जात नाही. न्यूमोनियात वायुकोशांतच द्रव साचतो. हिवतापासाठी ॲनॉफिलिस, डेंग्यूसाठी एडिस आणि हत्तीरोगासाठी क्युलेक्स ही वाटणी पक्की करावी. अमीबाजन्य आमांशातील घरमाशी अन्नापर्यंत जंतू केवळ वाहून नेते, तर ॲनॉफिलिसच्या शरीरात प्लाझमोडियमच्या, म्हणजे हिवतापाच्या परजीवीच्या, जीवनचक्राचा एक भाग पूर्ण होतो. दोन्हींना सरसकट वाहक म्हणून सोडून देणाऱ्या उत्तरात हा फरक हरवतो.

प्लाझमोडियमचे चक्र मात्र वाचून येत नाही, ते काढावेच लागते. डासाच्या मादीने चावा घेताना लाळेतून आलेले स्पोरोझोइट (परजीवीची संसर्ग करणारी अवस्था) यकृतात वाढतात, तेथून लाल रक्तपेशींत शिरतात, तिथेच पुढे गॅमेटोसाइट (लैंगिक अवस्था) तयार होतात आणि दुसऱ्या डासाने ते रक्त शोषल्यावर त्याच्या आतड्यात फलन होऊन नवे स्पोरोझोइट लाळग्रंथींत जमा होतात. लैंगिक प्रजनन डासात पूर्ण होते, हे अनेकांच्या आकृतीत उलटे झालेले असते. रोनाल्ड रॉस यांना १८९७ साली सिकंदराबादमध्ये परजीवीची वाढती अवस्था डासाच्या जठराच्या भिंतीवर सापडली, हे लक्षात ठेवले तर ती चूक होणार नाही.

रोगप्रतिकारशक्तीचा भाग पाठांतराने सर्वांत कमी आणि ‘का’ विचारण्याने सर्वांत जास्त सुटतो. सक्रिय की निष्क्रिय, हे ठरवताना एकच पाहावे : प्रतिपिंडे (रोगजंतूंशी लढणारी प्रथिने, antibodies) स्वतःच्या शरीराने तयार केली की बाहेरून मिळाली? जीवाणुशास्त्रज्ञ वाल्डेमार हाफकिन यांनी १८९७ साली मुंबईत प्लेगची लस प्रथम स्वतःला टोचून घेतली, ती सक्रिय; आईच्या चिकदुधातून बाळाला मिळणारी आयजीए (IgA) प्रकारची प्रतिपिंडे निष्क्रिय. याच समजुतीवर आरएच घटकाचा, म्हणजे लाल रक्तपेशींवरील एका प्रतिजनाचा, प्रश्न उभा आहे. आरएच-निगेटिव्ह आईचा आरएच-पॉझिटिव्ह गर्भाच्या रक्ताशी संपर्क मुख्यतः पहिल्या प्रसूतीच्या वेळी येतो, त्यानंतर तिच्या शरीरात प्रतिपिंडे बनतात. म्हणून पहिले मूल बहुधा सुखरूप राहते. पुढचा गर्भही आरएच-पॉझिटिव्ह असेल, तर आयजीजी प्रकारची ही प्रतिपिंडे वार (placenta) ओलांडून त्याच्या लाल पेशी नष्ट करतात. मग एबीओ गट वेगळे असताना असे सहसा का होत नाही? कारण एबीओ गटांविरुद्धची नैसर्गिक प्रतिपिंडे मुख्यतः आयजीएम असतात आणि आयजीएमचा मोठा रेणू वार ओलांडू शकत नाही. असा जोडप्रश्न स्वतःच तयार करून लिहून पाहणे हा माझ्या मते या प्रकरणाचा सर्वोत्तम सराव आहे.

एड्समध्ये मॅक्रोफेज (भक्षक पेशी), त्यांत विषाणूच्या आरएनएपासून डीएनए बनवणारे रिव्हर्स ट्रान्सक्रिप्टेज आणि मग हेल्पर टी-पेशी हा क्रम लिहावा. एलायझा चाचणी प्रतिपिंडे शोधत असेल, तर संसर्गानंतर लगेच ती निगेटिव्ह येऊ शकते, हेही नोंदवावे. कर्करोगात सौम्य आणि घातक गाठीतील फरक मेटॅस्टॅसिसच्या (कर्कपेशी शरीरात इतरत्र पसरण्याच्या) उल्लेखाशिवाय पूर्ण होत नाही. अमली पदार्थांसाठी वनस्पती, द्रव्य आणि परिणाम अशी छोटी यादी पुरते. अफू, भांग आणि कोका यांची गल्लत होऊ देऊ नये.

उत्तरपत्रिकेत शास्त्रीय नाव लिहिताना प्रजातीचे आणि जातीचे नाव वेगवेगळे अधोरेखित करावे व फक्त पहिल्याचे आद्याक्षर मोठे ठेवावे. ही सवय तक्ता भरतानाच लावून घ्यावी.