कुंडीतील सीतेची आसवे
गोव्याच्या जांभ्या सड्यांवर (खडकाळ पठारांवर) पावसाळ्यात फुलणाऱ्या सीतेच्या आसवांची, म्हणजे युट्रिक्युलेरिया या इवल्याशा कीटकभक्षी वनस्पतींची, रोपे कृपया उपटून आणू नयेत. त्याऐवजी, लागवडीत सहज रुळणारी युट्रिक्युलेरिया लिव्हिडा ही त्यांची आफ्रिकी-मेक्सिकन बहीण रोपवाटिकेतून घ्यावी. कुंडीत पीट (दलदलीतील अर्धवट कुजलेल्या शेवाळाची माती) आणि धुतलेली सिलिका वाळू समप्रमाणात भरावी. किनाऱ्यावरची वाळू मात्र कधीही वापरू नये, कारण तिच्यातील मीठ आणि शिंपल्यांचा चुना या वनस्पतीला मारक ठरतो. कुंडी १ ते २ सेंटिमीटर पावसाचे पाणी असलेल्या ताटलीत ठेवावी. तिच्या मातीखालच्या सूक्ष्म पिशव्या आपले भक्ष्य स्वतःच शोषून घेतात, म्हणून खत अजिबात घालू नये. पाने भरपूर येऊनही फुले येत नसतील, तर बहुधा उजेड अपुरा असतो. अशा वेळी कुंडी सकाळचे ऊन मिळणाऱ्या बाल्कावाजवळ (घरापुढच्या ओसरीजवळ) हलवावी.