२५ तासांचं लायसन्स, ४६ तासांत

दर गणेशोत्सवात आमच्या मंडळाच्या हॉलमध्ये, प्रसादाच्या रांगेत, कुणीतरी विचारतंच: "विमान शिकायला तासाला किती पडतात?" मी सांगतो, साधारण १५० पौंड. समोरचा मनातल्या मनात २५ ने गुणतो, कारण २५ तासांचा आकडा त्याने आधीच वाचलेला असतो. पावणेचार हजार पौंड, म्हणजे एका चांगल्या सुट्टीचा खर्च. गुणाकार बरोबर असतो, हिशेब चुकलेला असतो.

मी केंब्रिजजवळ नोकरी करतो आणि नॉरफोकमधल्या एका गवती धावपट्टीवर मायक्रोलाइट चालवायला शिकलो. वयाच्या ४१व्या वर्षी सुरुवात केली. ब्रिटनमध्ये मायक्रोलाइटच्या लायसन्ससाठी किमान २५ तास उड्डाण लागतं, त्यातले किमान १० तास एकट्याने. मला ४६ तास लागले आणि १९ महिने गेले. मी मठ्ठ आहे असं माझ्या मास्तरांचं मत नव्हतं (निदान तोंडावर तरी नाही). मी चूक केली ती वेळापत्रकात. ती तुम्ही करू नये म्हणून हे लिहितोय.

आधी मायक्रोलाइट म्हणजे काय ते उरकून टाकतो. जास्तीत जास्त दोन माणसांचं, हलकं विमान. पूर्वी एकूण वजनाची मर्यादा ४५० किलो होती, २०२१ मध्ये ती ६०० किलो झाली. दोन जाती आहेत. एकात वर त्रिकोणी कापडी पंख, खाली लटकती तीनचाकी आणि हातात आडवा दांडा, हे फ्लेक्सविंग. दुसरं नेहमीच्या विमानासारखं, हातात उभी स्टिक आणि पायाखाली रडरची, म्हणजे शेपटीच्या सुकाणूची, पेडलं. लायसन्स एकच, पण एकावर शिकून दुसरं चालवायचं तर वेगळं प्रशिक्षण घ्यावं लागतं, आणि ते उगाच नाही: फ्लेक्सविंगमध्ये दांडा पुढे ढकलला की नाक वर जातं, स्टिकच्या विमानात स्टिक मागे ओढली की. घाबरल्यावर हात जुन्या सवयीनेच हलतात. तेव्हा आधी दोन्हींत एकेकदा बसा, मग ठरवा. ट्रायल लेसन प्रशिक्षकाबरोबर झालं असेल तर तो तासही लॉगबुकात धरला जातो. मी स्टिकवालं निवडलं, इकारस सी-४२ नावाचं जर्मन विमान. थंडीत बंद केबिन बरी, एवढंच कारण.

डॉक्टरी तपासणीची धास्ती बऱ्याच जणांना असते. चष्मा आहे, बीपीची गोळी आहे, संपलं सगळं असं वाटतं. तसं नाही. २०१६ पासून इथे वैमानिकाने स्वतःच आरोग्याचं घोषणापत्र भरायचं असतं. गाडी चालवायला तुम्ही जितके तंदुरुस्त असायला हवेत, साधारण त्याच मापाचं. काही आजार आणि काही औषधं त्यात बसत नाहीत, तेव्हा फॉर्म नीट वाचा आणि खोटं लिहू नका.

आता माझी चूक. सुरुवातीचे आठ महिने मी दर तिसऱ्या शनिवारी तास ठरवायचो. बायकोशी तसा करार होता आणि खिशालाही तेवढंच परवडत होतं. या आठ महिन्यांत आठ-नऊ तासच झाले, कारण निम्मे शनिवार हवामानाने खाल्ले. कधी ढग ८०० फुटांवर, कधी धावपट्टीला काटकोनात वारा, जानेवारीत तर गवताखालच्या चिकणमातीत चाकं रुतायची म्हणून धावपट्टीच बंद. मग दीड महिन्यांनी विमानात बसलं की पहिली २० मिनिटं गेल्या वेळचं आठवण्यात जायची. म्हणजे मी तेच तास पुन्हा विकत घेत होतो.

याचा सगळ्यात जास्त फटका बसला लँडिंगला. ढोबळ भाषेत सांगायचं तर ६० नॉटच्या, म्हणजे ताशी ११० किलोमीटरच्या, आसपास वेग धरून धावपट्टीकडे यायचं, जमिनीजवळ आलं की थ्रॉटल बंद करायचा आणि स्टिक हळूहळू मागे घेत विमानाला उतरूच द्यायचं नाही. ते दमतं आणि आपणहून टेकतं. मी जमीन जवळ दिसली की स्टिक खेचायचो, विमान फुग्यासारखं वर जायचं, वेग संपायचा, आणि शेजारून मास्तरांचा हात यायचा. सी-४२ मध्ये दोघांच्या मध्ये एकच स्टिक असते, त्यामुळे त्यांचा हात थेट माझ्या हातावर. किती वेळा आला ते मोजणं मी सोडून दिलं होतं.

एका दुपारी वारा वाढला म्हणून उड्डाण रद्द झालं. मास्तरांनी मला विमानात बसवलं, इंजीन बंद, आणि स्वतः मागे जाऊन शेपूट दाबून उभे राहिले. नाक वर झालं. "आता दहा मिनिटं नुसतं बघ," म्हणाले. टेकताना समोरचं चित्र असं दिसायला हवं: डॅशबोर्डची कड कुठे, टोकाचं कुंपण कुठे, क्षितिज किती झाकलं गेलंय. मी तोवर नाकापुढच्या दहा फूट गवताकडे बघत होतो. गाडी चालवताना बॉनेटकडे बघणाऱ्यासारखं. नजर धावपट्टीच्या शेवटच्या टोकाला न्यायची, एवढीच गोष्ट. त्या दहा मिनिटांचे पैसे त्यांनी घेतले नाहीत.

मग मे महिन्यात मी दोन आठवड्यांची रजा घेतली. भारतवारी पुढे ढकलली, आईने फोनवर दोन दिवस अबोला धरला. त्या १४ दिवसांत ९ दिवस हवा मिळाली आणि ११ तास झाले. जे आठ महिन्यांत बसलं नव्हतं ते तिसऱ्या-चौथ्या दिवशी बसलं. आठव्या उडत्या दिवशी धावपट्टीभोवतीची एक फेरी झाल्यावर मास्तर विमानातून उतरले, रिकाम्या सीटचा पट्टा बांधला आणि मला एकट्याने जायला सांगितलं. एकट्याच्या पहिल्या उड्डाणाबद्दल लोक फार काव्य करतात. माझ्या लक्षात राहिलं ते एवढंच, की ८० किलोचा माणूस उतरल्यावर विमान भलतंच लवकर वर गेलं आणि वळायची वेळ आधीच येऊन ठेपली.

तेव्हा पैसे साठवा आणि मग सुरू करा. अर्धे पैसे हातात असताना दर महिन्याला थोडं थोडं करायला जाऊ नका. एप्रिल ते सप्टेंबर आठवड्याला दोन तास ठरवा, त्यातला एक रद्द होणार हे धरून. थिअरीचे पाच पेपर हिवाळ्यात देऊन टाका: हवाई कायदा, हवामान, नॅव्हिगेशन, विमानाची तांत्रिक माहिती आणि मानवी क्षमता. पर्यायी उत्तरांचे पेपर आहेत, आपल्याकडे दहावी-बारावी केलेल्या माणसाला जड नाहीत. रेडिओसाठी वेगळी परीक्षा असते. मराठी जिभेला व्ही आणि डब्ल्यू एकच, पण रेडिओवर व्हीला व्हिक्टर आणि डब्ल्यूला व्हिस्की म्हणायचं असतं, त्यामुळे निभावतं.

लायसन्ससाठी एकट्याने दोन लांब उड्डाणं करावी लागतात, प्रत्येकी किमान ४० नॉटिकल मैल, म्हणजे ७४ किलोमीटर. आमच्या भागात याला एक खास विघ्न आहे. दुसऱ्या महायुद्धात पूर्व इंग्लंडभर बॉम्बर विमानांसाठी तळ बांधले होते. आज त्यातले बहुतेक ओसाड आहेत, पण वरून तीन धावपट्ट्यांचा इंग्रजी 'ए'सारखा आकार अजून दिसतो. नकाशावर खूण म्हणून फार सोयीचा वाटतो. अडचण अशी की हे 'ए' पावलोपावली आहेत. पहिल्या लांब उड्डाणात मी एका तळावर घड्याळ बघितलं, तीन मिनिटं लवकर पोचलो होतो. पाठीशी वारा असेल म्हणून खूश झालो आणि वळलो. पुढचं गाव काही येईना. मग डोक्यात उजेड पडला: नकाशातल्या तळावर टर्की कोंबड्यांच्या लांबलचक शेड असायला हव्या होत्या, माझ्या तळावर होतं नुसतं शेत. आणि दक्षिणेला लेकनहीथ, अमेरिकन हवाई दलाची एफ-१५ विमानं तिथून उडतात. त्या हद्दीत वाट चुकून घुसणं परवडणारं नव्हतं.

अशा वेळी काय करायचं ते शिकवलेलं होतं. १२१.५ ही आणीबाणीची फ्रिक्वेन्सी. तिथे बसलेली माणसं तुमचं ठिकाण काढून सांगतात, आणि सरावासाठी विचारलं तरी रागावत नाहीत. मी मात्र आधी एक पूर्ण चक्कर मारली, रेल्वेमार्ग शोधला, तो धरून एक स्टेशन गाठलं आणि नकाशाशी जुळवलं. जमलं, पण परतल्यावर बोलणी बसली. रेडिओवर विचारायला लाज वाटली, हे मास्तरांनी बरोबर ओळखलं. रस्ता न विचारणाऱ्या पुरुषांची जात सगळीकडे सारखीच, म्हणाले.

आता विमान घेण्याबद्दल. लायसन्स आल्याबरोबर मला स्वतःचं हवं होतं, आणि स्वस्तात. एक जुनं फ्लेक्सविंग सापडलं. मालक म्हणाला, पंखाचं कापड फारसं वापरलेलं नाही. मी पैसे मोजून विमानं तपासणारा एक इन्स्पेक्टर बरोबर नेला, हे त्या वर्षातलं माझं एकमेव शहाणपण. त्याच्याकडे स्प्रिंगच्या ताणकाट्यासारखं उपकरण होतं. त्याची बारीक सुई कापडात टोचून ठरावीक जोर येईपर्यंत ओढायची, कापड टिकलं तर पास. आमच्यासमोर कापड टर्रकन उसवलं. उड्डाणाचे तास कमी होते हे खरंच, पण विमान वर्षानुवर्षं उघड्यावर उभं होतं आणि उन्हाने धागा खाल्ला होता. मालकाने खांदे उडवले. आम्ही चहा न घेता निघालो.

शेवटी एका सी-४२ मध्ये पाव हिस्सा घेतला. सहा हजार पौंड एकदा, महिन्याला ७० पौंड (हँगर, विमा आणि वार्षिक तपासणी त्यात आली) आणि उडेन त्या तासाला ३५ पौंड. एक निवृत्त शेतकरी, एक नर्स, एक बॉयलर दुरुस्त करणारा आणि मी. विमानाआधी ही तीन माणसं बघा. हिस्सा म्हणजे गृहनिर्माण सोसायटीच आहे: वर्गणी, राखीव निधी, टाकी कुणी रिकामी ठेवली यावरून रुसवे, आणि तीन दिवसांची जोडसुट्टी कुणाला यावरून भाऊबंदकी. घ्यायच्या आधी लेखी करार मागा आणि राखीव निधीत किती आहे ते विचारा. रोटॅक्स इंजिनाच्या रबरी नळ्या पाच वर्षांनी बदलाव्यात असं कंपनी सांगते. आमचं पाचवं वर्ष मी हिस्सा घेतल्यावर चारच महिन्यांनी आलं.

स्वतःचं विमान असलं की आणखी एक गोष्ट होते, आवाज ओळखता येऊ लागतात. या इंजिनात तेल वेगळ्या टाकीत असतं. सकाळी मापनपट्टी बुडवली तर ती खोटं सांगते, कारण थोडं तेल खाली इंजिनात उतरलेलं असतं. म्हणून इग्निशनचे दोन्ही स्विच बंद, किल्ली खिशात, चाकांना अडण्या, आणि मग प्रोपेलर हाताने फिरवायचा. फिरतो त्याच दिशेने, उलटा कधीच नाही. एकेक पातं जड लागतं, सुटतं, पुन्हा जड लागतं. कधी दहा पाती, थंडीत वीसही. मग टाकीतून गुळगुळ असा आवाज येतो, तुंबलेलं बेसिन मोकळं झाल्यासारखा. तेल परत आलं. आता पट्टी खरं सांगेल. आमच्या शेतकऱ्याला तो आवाज हँगरच्या दाराशी ऐकू येतो, मला अजून टाकीला कान लावावा लागतो.

लोक हसतात, "हे खेळण्यातलं विमान!" म्हणतात. २०१९ मध्ये मुंबईची आरोही पंडित स्कॉटलंडमधल्या विकहून निघून आइसलंड, ग्रीनलंड करत कॅनडातल्या इकालुइटला उतरली. तिचं 'माही' नावाचं विमान असंच हलकं, दोन सीटचं होतं, आणि इंजीन आमच्याच घराण्यातलं, रोटॅक्स ९१२. अर्थात तिच्या तयारीची आणि आमच्या रविवारच्या चक्करेची तुलना नको. आम्ही ५० मैलांवरच्या धावपट्टीवर जाऊन बेकन सँडविच खातो (मी अंड्याचं).

भारतातून विचारणाऱ्यांसाठी: कॉलेजात असाल तर एनसीसीच्या एअर विंगची चौकशी आधी करा, तिथे कॅडेटना मायक्रोलाइटमध्ये बसायला मिळतं. ते वय गेलं असेल तर कामशेतला पॅराग्लायडिंगचा कोर्स करा. ते विमान नव्हे, पण वारा डोंगरावर आदळून वर कसा चढतो आणि ऊन तापल्यावर हवा कशी उसळते हे तिथे अंगाला कळतं. माझ्याबरोबर शिकणारा एक जण तसा आला होता. त्याला ३१ तास लागले.

आणि अमेरिकेतल्या भाच्या-पुतण्यांनो, तुमच्याकडे १९८२ पासून एका माणसाचं, सुमारे ११५ किलोच्या आतलं अल्ट्रालाइट उडवायला लायसन्सच लागत नाही हे मला माहीत आहे. तरी दोन सीटच्या विमानात प्रशिक्षकाबरोबर आधी शिका. तुमच्या त्या विमानात शेजारून हात यायला दुसरी सीटच नसते.

परवा शनिवारचं बुकिंग माझं आहे. आत्ताचा अंदाज: वारा १८ नॉट, मधूनच २८चे झोत. नर्सबाईंनी गटावर विचारलंय, तू जाणार नसशील तर रविवार मला देशील का. रविवारी वारा पडणार आहे. मी अजून उत्तर दिलेलं नाही.