आपल्या वॉर्डाचा अभ्यास कसा करायचा – इंदूरच्या मराठी मंडळींसाठी

सोशिऑलॉजीत एमए करणारी मुलं, एमएसडब्ल्यूवाले आणि हल्ली तर रहवासी संघात काम करणारे रिटायर्ड काका-काकू सुद्धा विचारतात, की शहरातला सामाजिक बदल आणि प्रशासन असा विषय घेतलाय, सुरुवात कुठून करू? माझं उत्तर दरवेळी एकच, विषय लहान करा. अख्ख्या इंदूरचा अभ्यास एकट्या माणसाच्याने होत नाही, पण एका गल्लीत ड्रेनेज चोक झालं आणि ते मोकळं होईपर्यंत काय काय झालं एवढं जर नीट लिहून काढलं ना, तर निगम, म्हणजे इंदूरची महानगरपालिका, कसं चालतं, कुणाचं ऐकलं जातं, कुणाचं नाही, मोहल्ल्यात कोण नवीन आलं नि कोण मागे पडलं, सगळं त्यातून बाहेर येतं.

म्हणून पहिलं काम हे. आपल्या वॉर्डातलं एक काम पकडा. ड्रेनेज, नर्मदेच्या नळाची वेळ, बंद स्ट्रीट लाइट, समग्र आयडीत (मध्यप्रदेश सरकारची कुटुंबाची ओळख-नोंद) नाव जोडणं, संपत्तिकराची चुकीची रक्कम, काहीही चालेल, फक्त ते आत्ता चालू असलेलं हवं, म्हणजे तुम्हाला डोळ्यांनी बघता येतं. मग ज्याचं काम आहे त्याच्याजवळ बसा आणि विचारा, सगळ्यात आधी कुणाला सांगितलंत? निगमच्या तक्रारींच्या ३११ ॲपवर टाकलं का, मुख्यमंत्र्यांच्या १८१ हेल्पलाइनला लावलं का, की सरळ दरोग्याला (सफाईवर देखरेख करणाऱ्याला) गाठलं, की पार्षदाच्या (नगरसेवकाच्या) ऑफिसात बसणाऱ्या त्या मुलाला फोन केला? आणि त्याच्यापुढे त्याने कुणाला सांगितलं? प्रत्येक नावाला एक प्रश्न चिकटवायचाच, "यांना तुम्ही कसं काय ओळखता?" नात्यातले, जातीतले, एका शाळेतले, गणेश मंडळातले, पार्टीतले, भाडेकरू-मालक, आधी एकाच मिलमधे होते, जे असेल ते. एका कागदावर गोल काढा, रेघा जोडा, रेघेवर ओळखीचं कारण लिहा. दहा-बारा घरांचे असे कागद झाले की ते सगळे शेजारी शेजारी मांडा, तीच तीच दोन-चार नावं सगळीकडे दिसायला लागतील आणि ती नावं पुष्कळदा कुठल्याच पदावर नसतात.

ही पद्धत मी काढलेली नाही, आणि गंमत म्हणजे ती आपल्या शेजारच्याच गावातली आहे. एड्रियन मेयर नावाचे ब्रिटिश मानववंशशास्त्रज्ञ देवासजवळच्या एका खेड्यात राहून काम करायचे, त्यांनी १९६१ ची देवासची नगरपालिका निवडणूक बघितली आणि उमेदवार मतदारापर्यंत नक्की कुणाकुणामार्फत पोचतो त्या साखळ्या मांडल्या. त्यात नाती होती, जात होती, पक्ष होता, युनियन होती आणि कुस्तीची तालीम पण होती! कुठल्याही सरकारी चार्टमधे तालीम सापडणार नाही. आज तुमच्या वॉर्डात तालमीच्या जागी व्हॉट्सॲप ग्रुप असेल, भागवत कथेची समिती असेल, जिम असेल, काय आहे ते शोधणं हाच अभ्यास.

आणि इंदूरचं तर या शास्त्राशी जुनं नातं आहे, हे आपल्याकडे फार कमी लोकांना माहीत असतं याचं मला खरंच वाईट वाटतं. पॅट्रिक गेडिस नावाचे स्कॉटिश नगररचनाकार होळकर दरबारासाठी इंदूरच्या गल्ल्या पायी फिरले, १९१८ मधे त्यांचा दोन खंडांचा रिपोर्ट आला, आणि पुढच्याच वर्षी, १९१९ ला, मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचा विभाग त्यांनीच सुरू केला, जो नंतर गोविंद सदाशिव घुर्ये यांनी वाढवला. प्लेगचे दिवस होते तेव्हा. गेडिसनी दिवाळीच्या वेळी मोठी मिरवणूक काढायचं ठरवलं आणि जाहीर केलं की ती नेहमीच्या रस्त्याने जाणार नाही, जिथे लोकांनी घरं साफ आणि दुरुस्त केली असतील त्याच गल्ल्यांतून जाईल. लोकांनी हौसेने घरं झाडली, सारवली. २०१७ पासून स्वच्छ सर्वेक्षणात इंदूर वर्षानुवर्षं पहिलं येतंय, त्याचा अभ्यास करायचा असेल तर मिरवणुकीची ही गोष्ट आधी वाचा, कारण लोकांच्या अभिमानाला हात घालून शहर स्वच्छ करायची युक्ती इथे शंभर वर्षांपूर्वी पण वापरली गेली होती.

आता बदलाचं बोलू. बदल म्हणजे दोन तारखा. "पूर्वी असं नव्हतं" हे वाक्य मुलाखतीत येणारच, ते लिहून घ्या, पण लगेच विचारा की पूर्वी म्हणजे केव्हा, मिल चालू होती तेव्हा, की नर्मदेचं पाणी आलं तेव्हा, की मुलीच्या लग्नाच्या आधी? म्हाताऱ्या माणसांना सन आठवत नाही पण प्रसंग पक्के आठवतात, आणि प्रसंगाची तारीख आपल्याला काढता येते. नर्मदेचा पहिला टप्पा १९७८ चा, त्याच्या आधी शहर यशवंत सागर, बिलावलीच्या पाण्यावर होतं. हुकुमचंद मिल १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला बंद पडली आणि कामगारांच्या थकबाकीचा चेक निघाला तो डिसेंबर २०२३ मधे, सुमारे ४८०० कामगारांचे २२४ कोटी, म्हणजे मधे तीस वर्षं गेली, कित्येक जण तोवर हयात राहिले नाहीत. परदेशीपुरा, नंदानगर, मालवा मिलच्या बाजूला फिरत असाल तर ही तीस वर्षं घराघरात कशी गेली, बायका कामाला कधी लागल्या, मुलं कुठल्या धंद्यात गेली, युनियनच्या पुढाऱ्याची जागा कुणी घेतली, हे विचारल्याशिवाय तिथल्या आजच्या राजकारणाचा अर्थ लागत नाही. मिल बंद, तरी अनंत चतुर्दशीला मिलच्या झांक्या (चित्ररथ) निघतात. त्याचे पैसे आता कुठून येतात? एवढ्या एका प्रश्नावर सुद्धा चांगला पेपर होईल.

आकड्यांच्या बाबतीत एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. २०११ च्या जनगणनेचे वॉर्डवार आकडे मिळतात, पण तेव्हा इंदूरमधे ६९ वॉर्ड होते, नंतर २९ गावं निगममधे आली आणि वॉर्ड ८५ झाले, हद्दी सगळ्या बदलल्या. म्हणजे तेव्हाचा वॉर्ड ४० आणि आत्ताचा वॉर्ड ४० हे दोन वेगळे भाग आहेत, नंबर सारखा दिसला म्हणून टेबलात शेजारी लावू नका. नकाशे एकावर एक ठेवून बघा. आणि पुढची जनगणना मार्च २०२७ च्या तारखेची, म्हणजे तोवर शहराबद्दल जो कोणी ताजा पक्का आकडा सांगेल तो अंदाज आहे असं धरून चाला.

त्यापेक्षा घरगुती कागद शोधा ना! आपल्या मराठी मोहल्ल्यात, रामबाग म्हणा, लोकमान्य नगर, राजेंद्र नगर, सुदामा नगर म्हणा, जुन्या गणेश मंडळांकडे वर्गणीच्या पावत्यांची बुकं पडून असतात. घरनिहाय नावं, रक्कम, साल, सगळं. वीस वर्षांच्या अंतराची दोन बुकं मिळाली तर कुठली घरं विकली गेली, वाड्याच्या जागी मल्टी (बहुमजली इमारत) कुठे झाली, वर्गणी देणारी नवी आडनावं कुठली, कुणी देणं बंद केलं, सगळं हातात येतं. हळदीकुंकवाच्या याद्या, लग्नपत्रिका, मराठी शाळेचे जुने ग्रुप फोटो, जुन्या टॅक्सच्या पावत्या, हा पण ऐवजच. महाराष्ट्र साहित्य सभेत जाऊन बसा, जुनी माणसं भेटतात, एकाकडून दुसऱ्याचा पत्ता मिळतो.

पण इथेच सगळ्यात मोठा धोका आहे. आपण मराठी, ओळखी मराठी, त्यामुळे मुलाखती पण मराठी घरांच्याच होतात, त्यातही एकाच आळीच्या, आणि मग रिपोर्टात लिहिलं जातं "इंदूरच्या मराठी समाजाचं असं मत आहे". मिल एरियातले मराठी कामगार, महूकडची बौद्ध कुटुंबं, होळकरांच्या काळापासूनची धनगर घरं, यांच्याशिवाय कसला मराठी समाज? आणि वॉर्डातल्या ज्या घरात हिंदी, माळवी, उर्दू, सिंधी बोलतात त्यांच्यावर पण तेच निगम राज्य करतं. म्हणून घरं ओळखीने निवडू नका. गल्लीच्या एका टोकापासून सुरू करून दर पाचवं घर घ्या, वरच्या मजल्यावरचे भाडेकरू आणि हॉस्टेलची मुलं सोडू नका, कारण पीएससीची तयारी करणारी नि कोचिंगची हजारो मुलं या शहरात राहतात आणि वॉर्डाच्या हिशोबात कुठेच नसतात. संध्याकाळी गेलात तर पुरुष बोलतात, दुपारी गेलात तर बायका. दोन्ही वेळा जा. पाणी भरायला कोण उठतं हे दुपारीच कळतं.

प्रश्न कसे विचारायचे, तर मत विचारू नका, मागचा प्रसंग विचारा. "निगमच्या कामावर समाधानी आहात का?" याचं उत्तर "हो, ठीक आहे" असंच येणार, त्यातून काही हाती लागत नाही. "गेल्या वेळी पाणी गढूळ आलं तेव्हा तुम्ही काय केलंत?" असं विचारा आणि मग गप्प बसा, माणूस आपोआप सांगत जातो. १८१ वर तक्रार केली असेल तर एल-१ वरून, म्हणजे पहिल्या पायरीच्या अधिकाऱ्याकडून, पुढे कुठवर गेली, तक्रार बंद करा म्हणून फोन आला का, बंद केली तर का केली. पार्षद बाई असतील तर (मध्यप्रदेशात महिलांना ५० टक्के आरक्षण आहे, त्यामुळे निम्म्या वॉर्डात असतातच) लोक कामासाठी बाईंना फोन लावतात का त्यांच्या मिस्टरांना, आणि बाई स्वतः बैठकीत काय बोलतात, हे लांबून ठरवू नका, बैठकीत जाऊन बसा. काही ठिकाणी मिस्टर सगळं बघतात हे खरं, पण पहिल्या वर्षी गप्प असणाऱ्या बाई तिसऱ्या वर्षी अभियंत्याला फाइल घेऊन बोलावतात असं पण दिसू शकतं, आणि हाच तर सामाजिक बदल, तो एकाच भेटीत कसा दिसेल.

लोक सांगतात ते आणि कागद सांगतो ते, दोन्ही लागतं. माहितीचा अधिकार २००५ पासून आहे, १० रुपयांत अर्ज, ३० दिवसांत उत्तर. अर्जात "का" विचारू नका, कागद मागा. अमुक वॉर्डात अमुक वर्षी ड्रेनेजवर किती खर्च, वर्क ऑर्डरची कॉपी, मेजरमेंट बुकची (झालेल्या कामाच्या मोजमापाची) कॉपी, वॉर्ड समितीच्या बैठकांचं कार्यवृत्त. ७४ वी घटनादुरुस्ती १ जून १९९३ पासून लागू आहे आणि तीन लाख किंवा जास्त लोकसंख्येच्या शहरात वॉर्ड समित्या असायलाच हव्यात असं तिच्यात स्वच्छ लिहिलंय. तुमच्या भागात वॉर्ड समितीची बैठक कधी झाली आणि किती लोकांना ही समिती माहीत आहे, विचारून बघा.

कागद आणि गल्ली जुळतात का हे बघणं किती गरजेचं आहे त्याचं उदाहरण पण इंदूरचंच. इथल्या झोपडपट्टी सुधार योजनेला, ज्यात वस्त्यांमधून ड्रेनेजचं जाळं टाकलं होतं, १९९८ मधे आगा खान वास्तुकला पुरस्कार मिळाला, जगभर नाव झालं. नंतर वस्त्यांमधे फिरून पाहणी करणाऱ्यांनी लिहिलं, की बऱ्याच घरांची जोडणी झालेलीच नव्हती, लाइनी चोक होत्या. योजना वाईट होती असं मी म्हणत नाही, रस्ते झाले, लोकांनी घरं पक्की केली, पण पुरस्काराचा फोटो बघून घराच्या आतलं कळत नाही. आजच्या कचरागाड्यांचं, देवगुराडियाच्या बायो-सीएनजी प्लांटचं पण तसंच करा, कौतुक मनापासून करा आणि गाडीमागे चालणाऱ्या सफाई मित्राला त्याचा दिवस कसा जातो, पगार कुणाकडून होतो हे सुद्धा तेवढ्याच मनापासून विचारा. ओल्या-सुक्या कचऱ्याची सवय लागली कशी, दंडाच्या भीतीने की शेजारणीच्या लाजेने, हे मला स्वतःला फार महत्त्वाचं वाटतं.

नोंदी त्याच रात्री लिहायच्या. मोबाइलवर रेकॉर्ड करायचं असेल तर आधी परवानगी, आणि नको म्हटलं तर खरंच नको. नावं बदला, घर नंबर काढून टाका, नुसतं नाव बदलून भागत नाही कारण "कोपऱ्यावरच्या चक्कीवाले" म्हटलं की अख्ख्या मोहल्ल्याला कळतं. अवैध कॉलनीत राहणारा किंवा फेरीवाला तुम्हाला काही सांगतो तेव्हा त्याचं घर, त्याची गाडी पणाला लागलेली असते, हे विसरू नका. आडनावावरून जात लिहू नका, विचारायची गरज असेल तर सरळ विचारा, नसेल तर सोडा. आणि सगळ्याची कॉपी दोन ठिकाणी ठेवा. समाजशास्त्रज्ञ एम. एन. श्रीनिवास यांच्या खेड्याच्या अभ्यासाच्या एवढ्या वर्षांच्या नोंदी १९७० मधे स्टॅनफर्डला लावलेल्या आगीत जळाल्या, त्यांनी आठवणीतून पुस्तक लिहिलं म्हणून ठीक, आपली स्मरणशक्ती तशी असेलच असं नाही.

लिहून झालं की कॉलेजात सबमिट करायच्या आधी चार पानांचा सारांश हिंदीत आणि मराठीत काढा आणि ज्यांच्याशी बोललात त्यांना वाचून दाखवा, रहवासी संघाच्या बैठकीत, मंडळाच्या ओट्यावर, वस्तीतल्या अंगणवाडीत. लोक म्हणतील हे चुकलंय, ती लाइन आम्ही वर्गणी काढून टाकली होती, निगमने नाही. ते पण लिहा, कुणी कुठे हरकत घेतली त्यासकट. एक कॉपी झोन ऑफिसात देऊन आवक नंबर घ्या, आणि एक मंडळाच्या कपाटात पावती बुकांजवळ ठेवा, वीस वर्षांनी कुणी याच गल्लीचा अभ्यास करायला आलं तर त्याला पहिली तारीख तयार मिळेल.