‘चार्ज’चा अर्थ लावताना या चुका टाळा

शब्दकोशात ‘चार्ज’ शोधला की दहा-बारा पर्याय समोर येतात आणि बहुतेक जण पहिला उचलतात. घोळ तिथून सुरू होतो. आधी कागद कोणत्या खात्याचा आहे ते बघा, मग चार्ज कोणी कोणावर ठेवलाय किंवा कशात भरलाय ते बघा. अर्थ बहुतेक वेळा तिथेच सुटतो.

चार्जशीट आली म्हणजे आरोप ठरले, असं समजू नका

ही गल्लत बातम्यांमध्येसुद्धा सर्रास दिसते. चार्जशीट म्हणजे दोषारोपपत्र. तपास पूर्ण करून ते पोलीस न्यायालयात देतात. पूर्वी ते फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १७३ खाली जायचं, १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १९३ खाली जातं. ‘चार्ज फ्रेम होणं’, म्हणजे आरोपनिश्चिती, ही त्यापुढची पायरी आणि ते काम न्यायाधीशांचं. पोलिसांनी लावलेली सगळी कलमं तिथे टिकतीलच असं नाही.

या दोन पायऱ्यांच्या मध्ये आरोपी ‘डिस्चार्ज’, म्हणजे आरोपमुक्ती, मागू शकतो. त्याला ‘निर्दोष सुटका’ म्हणणं चूक. डिस्चार्जमध्ये खटला चालतच नाही, आणि पुढे नवा पुरावा मिळाला तर पुन्हा कारवाई होऊ शकते. खटला चालून निर्दोष ठरलेल्या माणसावर त्याच गुन्ह्यासाठी दुसऱ्यांदा खटला चालवता येत नाही.

दिवस मोजतानाही चूक होते. गुन्ह्याच्या स्वरूपानुसार ६० किंवा ९० दिवसांत दोषारोपपत्र आलं नाही, तर कोठडीतल्या आरोपीला जामिनाचा हक्क मिळतो. ही मुदत दोषारोपपत्राची आहे, आरोपनिश्चितीची नव्हे. ती पहिल्या रिमांडपासून, म्हणजे न्यायालयाने पहिल्यांदा कोठडी दिली त्या दिवसापासून धरायची, एफआयआरच्या तारखेपासून नाही.

सरकारी नोकरीतली ‘चार्जशीट’ वेगळी. ती विभागीय चौकशीची असते, तेवढ्यावरून माणसावर फौजदारी गुन्हा दाखल झालाय असं लिहू नये. त्याच कार्यालयात ‘चार्ज घेतला’ म्हणजे पदभार स्वीकारला, हे मात्र कोणाला सांगावं लागत नाही.

कर्ज फिटलं की चार्ज आपोआप जात नाही

बँकेच्या कागदात ‘चार्ज’ दिसला की लोक त्याला शुल्क समजतात. ‘प्रोसेसिंग चार्ज’ हे शुल्कच, पण ‘चार्ज ऑन प्रॉपर्टी’ म्हणजे मालमत्तेवरचा बोजा. शेतजमिनीच्या सातबाऱ्यावर तो ‘इतर हक्क’ या रकान्यात दिसतो. शेवटचा हप्ता भरून घरी गेलात तरी नोंद तशीच राहते आणि जमीन विकायला काढली की उघडी पडते. बँकेकडून कर्ज फिटल्याचं आणि बोजा उतरवण्याबद्दलचं पत्र घ्या, ते अर्जासोबत तलाठ्याकडे द्या. फेरफार मंजूर झाल्यावर नवा सातबारा काढून तो रकाना स्वतः वाचा. पोचपावतीवर विसंबू नका.

गृहकर्जासारख्या वैयक्तिक कर्जांसाठी रिझर्व्ह बँकेचा नियम १ डिसेंबर २०२३ पासून लागू आहे. पूर्ण परतफेडीनंतर ३० दिवसांत मूळ कागदपत्रं परत द्यायची आणि नोंदवलेला बोजा काढायचा. बँकेच्या चुकीने उशीर झाला तर दिवसाला ५,००० रुपये भरपाई. कंपनीने घेतलेल्या कर्जाचा बोजा कंपनी निबंधकाकडे नोंदवावा लागतो, तोही मुळात ३० दिवसांत.

वीजबिलात मात्र चार्ज म्हणजे ‘आकार’. घर महिनाभर बंद असलं की वीज आकार आणि वहन आकार वापराप्रमाणे खाली येतात, पण स्थिर आकार लागतोच. तक्रार करण्याआधी एवढं बघून घ्या.

पॉवर बँकेवरचा आकडा

मिलिअँपिअर-अवर (mAh) हे विद्युतभाराचं, म्हणजे इथल्या ‘चार्ज’चं माप आहे, ऊर्जेचं नव्हे. १०,०००च्या पॉवर बँकेतून ५,०००चा फोन दोनदा पूर्ण भरेल हा हिशेब चुकतो. तो आकडा आतल्या ३.७ व्होल्टच्या सेलचा असतो, म्हणजे ऊर्जा ३७ वॉट-अवर. ५ व्होल्टला बाहेर काढताना तेच ७,४०० होतात, आणि रूपांतरात उष्णता जाते म्हणून हाती त्याहूनही कमी येतं. विकत घेताना बारीक अक्षरातली ‘रेटेड कपॅसिटी’ वाचा. विमान कंपन्याही वॉट-अवरच बघतात.

कारखान्यातला चार्ज

कोल्हापूरच्या फाउंड्रीत, म्हणजे ओतकामाच्या कारखान्यात, चार्ज म्हणजे भट्टीत टाकायचा माल: पिग आयर्न, स्टील स्क्रॅप, कापलेले रनर-रायझर (ओतकामानंतर कापून काढलेले जादा तुकडे), फेरो सिलिकॉन. सुरक्षा सूचनेतल्या ‘चार्ज कोरडा हवा’ याचं भाषांतर करताना कोणी ‘विद्युतभार’ लिहिलं, तर ती सूचना निरुपयोगी ठरते. ओला स्क्रॅप किंवा दोन्ही टोकं बंद असलेला पाइप वितळलेल्या लोखंडाखाली गेला, तर आतल्या पाण्याची क्षणात वाफ होते आणि धातू भट्टीबाहेर उसळतो. अशा सूचनेत सरळ ‘भट्टीत टाकायचा माल कोरडा हवा’ असं लिहावं.

एसीची ‘गॅस चार्जिंग’ही भरणंच, पण ती बॅटरीसारखी पुन्हा पुन्हा किंवा दरवर्षी करायची गोष्ट नाही. गॅस बंद नळ्यांत फिरतो, वापरून संपत नाही. कमी झाला म्हणजे कुठेतरी गळती आहे. आधी गळती शोधून बुजवायला सांगा, नळ्या व्हॅक्यूम करून घ्या आणि बाहेरच्या युनिटच्या पट्टीवर लिहिलेल्या वजनाइतकाच गॅस काट्यावर मोजून भरायला लावा. नळी ठरल्यापेक्षा लांब असेल तर जादा गॅस किती घालायचा, ते कंपनीच्या पुस्तिकेत दिलेलं असतं.